छावणीतल्या तरुणांना लढायला शिकवावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. युद्धातून पळून आलेल्या लोकांत हजारो धडधाकट तरुण असतात. त्यांना वर्षानुवर्षं शिधा वाटत बसण्यापेक्षा शस्त्र चालवायला शिकवून स्वतःच्या देशासाठी लढायला परत का पाठवू नये? प्रश्नकर्त्याने १९७१ चा दाखला दिलाय : आपण बांगलादेशची मुक्तिबाहिनी उभी केली, नऊ महिन्यांत देश मोकळा झाला, निर्वासित घरी गेले.

मी पायदळातला निवृत्त अधिकारी. नोकरीची काही वर्षं रिक्रूटांना शिकवण्यात गेली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत काँगोमध्ये, गोमा शहराच्या परिसरात होतो, आणि तिथे काम नेमकं उलटं होतं : लोकांच्या हातून बंदुका काढून घ्यायच्या. दोन्ही कामं केल्यावर माझं मत असं झालंय की ज्याला स्वतःहून लढायला जायचंय त्याला अडवण्याचा अधिकार कुणाला नाही, पण छावणीत भरती करायची नाही. आणि प्रकरण अंगाशी आलं तर स्वतःचं सैन्य घेऊन मागे उभं राहायची तयारी नसेल, तर दुसऱ्याच्या पोरांच्या हातात बंदूक द्यायची नाही. १९७१ साली आपली ती तयारी होती. इतर बहुतेक ठिकाणी ती कुणाचीच नव्हती.

१९७१ पासूनच सुरुवात करतो, कारण त्या वर्षाची जी गोष्ट आपल्या डोक्यात बसली आहे ती अर्धीच आहे. भेदरलेले तरुण छावणीत आले, आपण रायफली दिल्या आणि सैन्य तयार झालं, असं काही घडलं नाही. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात कत्तल सुरू झाली तेव्हा ईस्ट बंगाल रेजिमेंटच्या पलटणी, ईस्ट पाकिस्तान रायफल्सचे जवान आणि पोलीस बंड करून उठले. ते लढत लढत मागे सरकले आणि सीमा ओलांडून आले. म्हणजे कणा आधीपासून होता : सुभेदार होते, हवालदार होते, हुकूम कसा द्यायचा आणि कसा पाळायचा हे ठाऊक असलेली माणसं होती. १७ एप्रिलला मेहेरपूरजवळच्या आमराईत हंगामी सरकारने शपथ घेतली. ताजुद्दीन अहमद पंतप्रधान झाले आणि कर्नल उस्मानी सरसेनापती. पुढे देशाचे अकरा सेक्टर पाडले गेले. उत्तर बंगालात मूर्ती इथे अधिकाऱ्यांचा पहिला अभ्यासक्रम चालला, त्यातून ६१ जण ९ ऑक्टोबरला अधिकारी होऊन बाहेर पडले. या सगळ्या सांगाड्यावर मग विद्यार्थी आणि शेतकऱ्यांची पोरं चढवली गेली.

ही पोरं तरी आली कुठून? त्यांच्यातली पुष्कळशी शिध्याच्या रांगेतून उचललेली नव्हती, लढायचं म्हणूनच सीमा ओलांडून आलेली होती. त्यांच्यासाठी सीमेलगत वेगळी ‘युवा शिबिरं’ होती. तिथे अवामी लीगचे लोकप्रतिनिधी चाळणी लावत. या चाळणीत राजकारण भरपूर होतं, डाव्या विचारांच्या मुलांना बाहेर ठेवायची धडपड चाले. निर्वासितांत हिंदूंचं प्रमाण फार मोठं होतं, मुक्तिबाहिनीत ते तसं दिसत नव्हतं. जे कुटुंबासह घरदार सोडून निघाले त्यांच्यापुढे म्हातारी आई, लहान पोरं आणि कॉलरा होता. एक कोटीच्या आसपास लोक आले होते. एकट्या त्रिपुरात तिथल्या लोकसंख्येच्या जवळपास तितकेच निर्वासित होते. अशा माणसाला ‘तू लढायला का जात नाहीस’ हे विचारणं सोपं, पण ते विचारणारा बहुधा जेवून उठलेला असतो.

प्रशिक्षण तीन-चार आठवड्यांचं होतं. या कामातला म्हणून इथे जरा थांबतो. तीन-चार आठवड्यांत काय शिकवता येतं? रायफल आणि स्टेनगन चालवणं, ग्रेनेड फेकणं, पुलाखाली स्फोटकं बांधणं, रस्त्यावर दबा धरणं. हे खरंच येतं, तरुण पोरांना लवकर येतं. पण हुकूम येईपर्यंत गोळी न झाडता पडून राहणं, म्होरक्या पडला तरी टोळी न फुटणं, शिस्तीत माघार घेणं, जखमीला मागे आणणं, आणि समोरचा हात वर करून उभा राहिला की बोट ट्रिगरवरून काढणं, हे इतक्या वेळात येत नाही. आमच्या सेंटरमध्ये रिक्रूटला शिपाई म्हणून उभं करायला कित्येक महिने लागायचे, आणि त्यानंतरही तो पलटणीत जुन्या माणसांच्या मध्ये जाऊन पडायचा. शिकवणाऱ्या उस्तादाचा अर्धा वेळ बंदूक शिकवण्यात जातो, उरलेला अर्धा ती कधी चालवायची नाही हे शिकवण्यात. घाईच्या प्रशिक्षणात हा दुसरा अर्धा भाग आधी कापला जातो. १९७१ च्या सुरुवातीच्या महिन्यांत सीमेपलीकडे पाठवलेल्या कितीतरी टोळ्या म्हणूनच मारल्या गेल्या किंवा पांगल्या.

जिथे वेळ दिला आणि काम नेमकं ठरवलं, तिथे निकाल वेगळा लागला. फ्रान्समधल्या तुलाँ बंदरात पाकिस्तानची ‘मांग्रो’ ही पाणबुडी होती. तिच्यावरचे आठ बंगाली नौसैनिक पळून भारतात आले. पलाशीला, भागीरथीच्या काठी, त्यांच्यासोबत पोहण्यात तरबेज असलेली नदीकाठची पोरं निवडली गेली. रोज तासन्‌तास पाण्यात. शिकवायची गोष्ट एकच : छातीला लिम्पेट माईन (जहाजाला चिकटणारा सुरुंग) बांधून रात्री जहाजापर्यंत पोहायचं, ती चिकटवायची आणि परत यायचं. या मोहिमेमागे आपल्या नौदलाचे मोहन सामंत होते. पुढे डिसेंबरात ते स्वतः गनबोटी घेऊन मोंगला-खुलन्यापर्यंत घुसले, महावीर चक्र मिळालं. आपल्याकडे या मराठी माणसाचं नाव फार कमी जणांना ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. १५ ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या बंदरांत एकाच वेळी सुरुंग फुटले. इशारा म्हणून आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावरून ठरलेली गाणी वाजवली होती.

तरीही ढाका काही मुक्तिबाहिनीला एकटीला घेता आलं नसतं. ११ डिसेंबरला टांगाइलजवळ आपल्या दुसऱ्या पॅरा बटालियनने विमानातून उड्या घेतल्या, खाली मुक्तिबाहिनीचे म्होरके कादेर सिद्दिकी यांचे लोक वाट दाखवायला होते आणि उत्तरेकडून जमालपूरचा मार्ग मोकळा करत पहिली मराठा, आमची जंगी पलटण, येऊन मिळाली. गनिमी टोळ्यांनी शत्रूचे डोळे-कान काढून घेतले, त्याला जागोजाग अडकवून ठेवलं, आणि निर्णायक घाव नियमित सैन्याने घातला. १९७१ यशस्वी झालं ते या जोडीमुळे. नुसतं प्रशिक्षण देऊन हात झटकले असते तर ती पोरं वर्षानुवर्षं सीमेवर मरत राहिली असती.

आणि विजयाची किंमतही मोजावी लागली. आपल्याच गुप्तचर यंत्रणेने मेजर जनरल सुजनसिंग उबान यांच्या हाताखाली ‘मुजीब बाहिनी’ नावाची वेगळी फौज तयार केली. ती ना उस्मानींचं ऐकायची ना ताजुद्दीन यांचं. एका लढ्यात दोन सेना, दोन खजिने, दोन निष्ठा! शरणागतीनंतर दोनच दिवसांनी, १८ डिसेंबरला, ढाक्याच्या पलटण मैदानात कादेर सिद्दिकींनी आणि त्यांच्या लोकांनी बांधलेल्या कैद्यांना जमावासमोर संगिनींनी भोसकलं. परदेशी छायाचित्रकार तिथे उभे होते, ती छायाचित्रं जगभर गेली. नव्या देशाच्या लष्करात लढून आलेले आणि पाकिस्तानातून नंतर परतलेले असे दोन तट पडले. मुक्तिसेनेच्या तीन ब्रिगेडचे तीन सेनानी होते : झियाउर रहमान, खालेद मुशर्रफ, शफीउल्ला. यांतले खालेद १९७५ च्या नोव्हेंबरात आणि झिया १९८१ च्या मे महिन्यात आपल्याच लष्करातल्या बंडात मारले गेले. बांगलादेश उभा राहिला हे खरंच. पण ज्यांना हा दाखला द्यायचा असेल त्यांनी तो १६ डिसेंबरला थांबवू नये.

त्याच उबान यांच्या हाताखाली आपण आणखी एक फौज उभी केली होती. १९६२ च्या नोव्हेंबरात डेहराडूनजवळ चक्राता इथे तिबेटी निर्वासितांची ‘एस्टॅब्लिशमेंट २२’ स्थापन झाली. भरती झालेल्यांच्या मनात एकच होतं, ल्हासाला परत जायचं. त्यांना प्रत्यक्षात लढायला मिळालं ते १९७१ मध्ये, चितगावच्या डोंगराळ भागात, ज्या पाकिस्तानशी त्यांचं काही वैर नव्हतं त्याच्याशी. पन्नासच्या वर माणसं कामी आली. तुकडी गुप्त असल्यामुळे शौर्यपदकं नाहीत. नेपाळच्या मुस्तांगमध्ये अमेरिकेने पोसलेली तिबेटी फौज वेगळी. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन १९७२ मध्ये चीनची राजधानी पेकिंगला जाऊन आले, तोवर मदतीचा झरा आटला होता. १९७४ मध्ये दलाई लामांचा ध्वनिमुद्रित संदेश डोंगरात फिरवून त्या लोकांना शस्त्रं खाली ठेवायला सांगावं लागलं. काहींनी आत्महत्या केल्या. आपल्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, तिबेट्यांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे. तिथल्या पिढ्या शेती करतात, हिवाळ्यात स्वेटर विकायला बाहेर पडतात. तिबेटचा प्रश्न त्या बंदुकांनी एक इंचही हलला नाही.

श्रीलंकेबद्दल लिहिताना माझ्या वयाच्या कुठल्याही फौजी माणसाचा हात जड होतो. १९८३ च्या जुलैतल्या दंगलीनंतर तमिळ निर्वासित रामेश्वरमच्या किनाऱ्याला लागले, आणि त्याच सुमारास तमिळ संघटनांच्या पोरांना आपण प्रशिक्षण दिलं. एक नव्हे, पाच-पाच संघटना. त्या सगळ्यात आधी एकमेकींवरच उठल्या. १९८६ मध्ये लिट्टेने यांतलीच टेलो संघटना जवळपास संपवली. १९८७ मध्ये आपली शांतिसेना तिथे उतरली आणि जे आपल्याकडून शिकले होते तेच आपल्यावर सुरुंग लावू लागले. हजारावर भारतीय सैनिक गेले. माघारीच्या आधी घाईघाईने ‘तमिळ नॅशनल आर्मी’ नावाची एक फौज उभी केली गेली. त्यासाठी घराघरांतून, रस्त्यांवरून अल्पवयीन मुलंसुद्धा पकडून आणली होती. आपण निघालो आणि लिट्टेने त्यांचा फडशा पाडला. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला लिट्टेने राजीव गांधींची हत्या केली. त्यानंतर तमिळनाडूच्या छावण्यांतले साधे निर्वासित, ज्यांनी कधी काठीही उचलली नव्हती, ते सगळे संशयित ठरले.

छावणीत भरती का नको, याचं उत्तर मला गोम्यात मिळालं. १९९४ च्या जुलैत रवांडाच्या वंशसंहारानंतर काही दिवसांत लाखो हुतू लोक सीमा ओलांडून तिथे आले. त्यांच्यात कत्तल करणारं पराभूत सैन्य आणि इंटरहाम्वे या हुतू सशस्त्र संघटनेच्या टोळ्याही होत्या. छावण्यांचा ताबा त्यांनी घेतला. शिधावाटपाच्या याद्या त्यांच्या हातात, त्यामुळे कोण जेवणार हे ते ठरवायचे. परत जायचं म्हणणाऱ्याचा खून व्हायचा. मदतीचं धान्य विकून शस्त्रं यायची. फ्रान्सच्या डॉक्टरांच्या संस्थेने, एमएसएफने, अखेर काम थांबवलं, कारण आपल्या औषधांवर पुढच्या युद्धाची तयारी होतेय हे त्यांना दिसत होतं. १९९६ मध्ये रवांडाने त्या छावण्यांवरच हल्ला चढवला आणि त्यातून काँगोचं युद्ध पेटलं. मी तिथे होतो तेव्हा शस्त्रं टाकून परत जायला तयार झालेले जे लोक आमच्याकडे यायचे, त्यांच्यातले काही १९९४ मध्ये आईचं बोट धरून आलेली पोरं होती. त्यांनी रवांडा धड पाहिलाही नव्हता. ते मायभूमीसाठी लढत होते असं कागदावर म्हणता आलं असतं.

पाकिस्तानातल्या अफगाण छावण्यांतही मदत हवी तर पेशावरच्या सात मुजाहिदीन पक्षांपैकी एकाशी नाव जोडावं लागायचं. पोटाला चिमटा बसला की माणूस कुठल्याही फॉर्मवर अंगठा देतो, त्याला स्वयंसेवक म्हणायचं नसतं. ताजी गोष्ट सांगायची तर बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या छावण्यांतून २०२४ मध्ये रोहिंग्या तरुणांना पळवून म्यानमारमध्ये लढायला नेलं गेलं, तेही ज्या लष्कराने २०१७ मध्ये त्यांची गावं जाळली त्याच लष्कराच्या बाजूने. आफ्रिकी देशांनी १९६९ च्या निर्वासित करारात आधीच लिहून ठेवलं होतं की निर्वासितांना सीमेपासून पुरेशा अंतरावर वसवावं. अनुभवातून आलेली ओळ आहे ती. छावणीत एक बंदूक आली की शत्रूच्या दृष्टीने सगळी छावणी लक्ष्य होते, त्यातल्या बाळंतिणीसकट.

आता पोलंड, कारण या कल्पनेचा अलीकडचा एक मोठा उच्चार तिथून झाला. २०१५ च्या नोव्हेंबरात पॅरिसवरच्या हल्ल्यानंतर पोलंडचे परराष्ट्रमंत्री होऊ घातलेले वाश्चिकोव्हस्की म्हणाले की युरोपात आलेल्या सीरियन निर्वासितांचं सैन्य उभारून त्यांना आपला देश सोडवायला पाठवावं. मला वाटतं त्यांच्या मनात दुसऱ्या महायुद्धातले पोलिश जनरल अँडर्स असणार. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत संघाने पूर्व पोलंडमधून लाखोंना सायबेरियाकडे हाकललं. १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर त्यांना सोडलं गेलं, आणि त्या हाडाच्या सापळ्यांमधून अँडर्स यांनी सैन्य उभं केलं. १९४२ मध्ये लाखाहून अधिक सैनिक आणि कुटुंबं इराणात उतरली. पुरुष इटलीच्या आघाडीवर गेले. बायकापोरांतले जवळपास पाच हजार जण आले आपल्या कोल्हापूरजवळ, वळिवडेला. शाळा, चर्च, दवाखाना असलेलं एक पोलिश गावच तिथे १९४३ ते १९४८ नांदत होतं. त्याच जागी पुढे फाळणीत आलेले सिंधी निर्वासित वसले, आजचं गांधीनगर.

म्हणजे बघा, कुटुंब हजारो मैल लांब आणि सुरक्षित, सैनिक गणवेशात, वर जुने अधिकारी, मागे ब्रिटनसारखी सत्ता. याहून चांगली मांडणी कुणी करू शकणार नाही. १८ मे १९४४ ला त्यांनी माँटे कॅसिनोच्या भग्न मठावर झेंडा लावला. त्याच डोंगरावर त्याआधी आपली चौथी डिव्हिजन रक्त सांडून आली होती. तिथे हजारावर पोलिश कबरी आहेत. आणि मग १९४५ च्या फेब्रुवारीत याल्टाच्या परिषदेत अमेरिका, ब्रिटन आणि रशिया या तिघा बड्यांनी त्यांची जन्मगावं स्टालिनला देऊन टाकली. उरलेल्या पोलंडवर कम्युनिस्ट सरकार बसलं, त्याने १९४६ मध्ये अँडर्स यांचं नागरिकत्वच काढून घेतलं. बहुसंख्य सैनिक ब्रिटनमध्ये राहिले. वळिवड्याच्या कितीतरी बायकापोरांनी नंतर तिकडेच जहाज धरलं, कारण घर म्हणावं अशी जागा नकाशावर उरली नव्हती. (जाता जाता : मेनाखेम बेगिन याच सैन्याबरोबर पॅलेस्टाईनला पोचले, तिथे बाहेर पडून इर्गुन या ज्यूंच्या सशस्त्र संघटनेचे प्रमुख झाले आणि ब्रिटिशांविरुद्धच उठले. शिकवलेला माणूस कुणाशी लढेल याची हमी शिकवणाऱ्याला नसते.)

सीरियाच्या बाबतीत तर प्रयोग आधीच फसलेला होता. अमेरिकेने ५० कोटी डॉलर बाजूला काढून वर्षाला पाचेक हजार सीरियन तयार करायचं ठरवलं. अट अशी की फक्त इसिसशी लढायचं, राष्ट्राध्यक्ष असदशी नाही. ज्यांची घरं असदच्या विमानांनी पाडली त्यांना ही अट! पहिली तुकडी सीमेपलीकडे जाताच नुस्रा या अल-कायदाच्या सीरियातल्या शाखेने तिचे म्होरके पकडले. १६ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेचे जनरल ऑस्टिन यांनी सिनेटसमोर कबूल केलं की रणांगणात चार-पाच जण उरलेत.

तेव्हा कुणी मला सल्ला विचारलाच, तर मी आधी शस्त्रांबद्दल बोलणारच नाही. यांचं स्वतःचं, आपापसांत मान्य असलेलं नेतृत्व आहे का? जुने सैनिक किती? हुकूम कुणाचा चालणार, पैसे देणाऱ्याचा की त्यांचा? कुटुंबाचा शिधा, मुलांची शाळा आणि कागदपत्रं माणूस लढायला गेला काय, न गेला काय, तशीच राहणार का? हे लेखी हवं. अठराच्या आतला एकही नको. प्रशिक्षणाची जागा छावणीपासून शंभर-दीडशे किलोमीटर लांब, आणि जो गणवेशात गेला तो निर्वासितांच्या यादीतून बाहेर. पाय गेलेल्याला पेन्शन कोण देणार, हेही पहिल्याच दिवशी ठरवायचं. आणि सगळ्यात अवघड : राजधानीतलं सरकार बदललं, शत्रूशी तह झाला, तर या लोकांचं काय? याचं उत्तर देताना समोरचा अधिकारी कागद चाळायला लागला की मी ‘नको’ म्हणेन. माझ्या माहितीतल्या बहुतेक प्रकरणांत कागद चाळलेच गेले असते.

प्रश्नाच्या शेवटी विचारलंय की मग तरुणांनी छावणीत नुसतं बसून राहायचं का. मुळीच नाही, शिकवायला पुष्कळ आहे. १९७१ मध्येच बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने माणसं पटापट मरत होती आणि सलाईन संपलं होतं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला रुग्णांच्या नातेवाइकांनाच शिकवलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या घरातून चारच्या खाली आलं, आणि तो उपाय पुढे जगभर गेला. त्रिपुरात बिश्रामगंजला लंडनचं शिक्षण अर्ध्यावर सोडून आलेले डॉ. जफरुल्ला चौधरी आणि त्यांच्या सोबत्यांनी बांबूच्या झोपड्यांत ४८० खाटांचं रुग्णालय चालवलं. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या मुलींना त्यांनी थोड्या आठवड्यांत परिचारिकेचं काम शिकवलं. युद्ध संपल्यावर ते रुग्णालय सावारला गेलं, गणस्वास्थ्य केंद्र झालं, आणि गावोगावच्या पॅरामेडिक मुली तयार करण्याचं काम तिथे पुढेही चालू राहिलं.